अर्धे दुखणे सांगू नका



बैलाची लघवी तुंबली तर आपण काय करतो? बैल शेपूट वर धरतो, पाय आपटतो, कण्हतो, थेंब थेंब गाळतो. गोठ्यातल्या पोरालासुद्धा कळते की जनावर तुंबले. मग रात्रीचे बारा असोत की पहाटेचे तीन, पशुवैद्यकाचे दार वाजलेच म्हणून समजा. गाईचा सड गरम लागला, दुधात गुठळ्या दिसल्या की दगडी झाली हे ओळखायला आपल्याला पुस्तक लागत नाही. आणि घरधन्याची स्वतःची लघवी तुंबली तर? जळजळ होते, अंगात हुडहुडी भरते, ओटीपोट दुखते. पण गडी कोणाला सांगत नाही. बायकोला म्हणतो, "काही नाही, ऊन लागलं." मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो. तिसऱ्या दिवशी मग घरचेच त्याला गाडीत घालून तालुक्याला नेतात.

हे पान पिकपाण्याचे. इथे पेरणी, फवारणी, खताचे हप्ते, बाजारभाव यांचे विषय येतात. मी कृषी पदविका घेऊन विस्ताराचे काम करणारा माणूस आहे, डॉक्टर नाही. मग पुरुषांच्या लघवीच्या दुखण्यावर इथे लिहायचे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. पेरणीच्या आठवड्यात कर्ता माणूस दहा दिवस दवाखान्यात पडला तर वाफसा त्याच्यासाठी थांबत नाही. बियाणे घरात राहते, कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर येतो. शिवारात फिरताना पिकाच्या रोगावर माणसे तासभर बोलतात. स्वतःच्या या रोगाचा विषय निघाला की बांधाकडे बघायला लागतात. त्यामुळे जे चार शब्द कोणीतरी गावात उघड बोलायला हवेत, ते आज या पानावर बोलू या.

विषय आहे प्रोस्टेट ग्रंथीला होणाऱ्या जंतूंच्या लागणीचा. सांगायचे आहे एवढेच, की पुरुषाला ताप आणि लघवीचा त्रास एकाच वेळी सुरू झाला तर ती 'उन्हाळी' समजून अंगावर काढू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना पूर्ण दुखणे सांगावे, अर्धे नव्हे.

ही ग्रंथी असते कुठे?

प्रोस्टेटला मराठीत पुरःस्थ ग्रंथी किंवा पौरुष ग्रंथी म्हणतात. पण दवाखान्यात सगळे प्रोस्टेटच म्हणतात, आपणही तेच म्हणू. ही ग्रंथी फक्त पुरुषांना असते. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी, गुदाशयाच्या पुढे ती बसलेली असते. तरुणपणी तिचा आकार अक्रोडाएवढा असतो. वीर्याचा काही भाग ती तयार करते. पिशवीतून निघालेली लघवीची नळी हिच्या मधूनच जाते, आणि सगळी गोम इथेच आहे.

टाकीच्या तळाला पाइप जोडलेला आहे आणि जोडावर रबरी वायसर आहे, असे समजा. वायसर फुगला तर पाइप आतून आवळला जाईल. टाकी भरलेली असेल, पाइपही धड असेल, पण धार बारीक पडेल. प्रोस्टेट सुजली की नेमके हेच होते. आत लघवी तयार होतच राहते आणि बाहेरची वाट अरुंद होते.

लागण बहुतेक वेळा लघवीच्या वाटेने वर चढलेल्या जंतूंमुळे होते. त्यातला मुख्य जंतू म्हणजे आपल्या आतड्यातच राहणारा ई-कोलाय. आतड्यात तो फारसे काही करत नाही. जागा सोडून लघवीच्या वाटेत शिरला की मग त्रास देतो. तरुण वयात कधी कधी असुरक्षित शरीरसंबंधातून आलेले जंतूही कारण ठरतात. पण प्रोस्टेटची प्रत्येक लागण म्हणजे 'बाहेरख्यालीपणा' असा जो समज गावात आहे तो साफ चुकीचा आहे. नाकासमोर चालणाऱ्या संसारी माणसालाही ही लागण होते. लाजेचे मूळ या समजात आहे, म्हणून तो आधी उपटून टाकायला हवा.

आणखी एक गैरसमज असा, की प्रोस्टेट म्हणजे म्हाताऱ्यांचे दुखणे. ग्रंथीची वाढ हे उतारवयाचे दुखणे खरे. पण लागण आणि सूज पंचविशी-तिशीच्या गड्यालाही होते. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत लघवीच्या वाटेच्या तक्रारींमध्ये प्रोस्टेटची सूज हे फार नेहमीचे कारण आहे.

एकाएकी आलेली लागण : ही चिन्हे पाठ करा

या लागणीचे दोन मुख्य प्रकार. पहिला एकाएकी येणारा, तीव्र. सकाळी माणूस धडधाकट औत हाकत असतो आणि संध्याकाळी गोधडीखाली कुडकुडत असतो. त्याची चिन्हे अशी:

एक, थंडी वाजून जोराचा ताप. अंग मोडून येते, सांधे-स्नायू दुखतात, मळमळते.

दोन, लघवी करताना जळजळ. वारंवार जावेसे वाटते, गेले की थोडीच होते, आणि लगेच पुन्हा कळ येते. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते.

तीन, धार बारीक होते, अडखळते, जोर करावा लागतो. पिशवी रिकामी झाली असे वाटतच नाही.

चार, ओटीपोटात, कमरेच्या खालच्या भागात, जांघेत दुखते. अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधली जागा, म्हणजे सायकलच्या सीटवर टेकते ती जागा, ठणकते. खाली बसले की कळ येते. शौचाला जोर करतानाही दुखते.

पाच, लघवी गढूळ होते, तिला घाण वास येतो, क्वचित रक्ताची झाक दिसते. वीर्यपतनाच्या वेळी दुखते.

सगळी पाचही चिन्हे एकदम दिसली पाहिजेत असे नाही. ताप आणि लघवीची कुठलीही एक तक्रार, एवढी जोडी पुरे आहे. कपाशीचे पान लाल पडले तर आपण पुढची दहा पाने लाल व्हायची वाट बघत नाही. इथेही बघू नये.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत घरच्यांनी जास्त सावध असावे. वय झालेल्या किंवा मधुमेह असलेल्या माणसाला लागण होऊनही कधी कधी मोठा ताप येत नाही. आबा दोन दिवस जेवत नाहीत, असंबद्ध बोलतात, धोतर वारंवार ओले होते, एवढेच दिसते. त्याला 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

जुनी, चिवट लागण

दुसरा प्रकार जुनाट. इथे मोठा ताप नसतो. लघवीची जळजळ येते, गोळ्या घेतल्या की जाते, महिना-दोन महिन्यांनी पुन्हा येते. जंतू ग्रंथीत दबा धरून बसलेला असतो, कुंद्यासारखा. वरून खुरपला की रान स्वच्छ दिसते, पण गाठ खाली जिवंत असते. वर्षातून दोन-तीन वेळा तीच तक्रार उलटत असेल तर दर वेळी नवी गोळी घेण्यापेक्षा मूळ शोधायला हवे. लघवीची जंतुतपासणी आणि प्रोस्टेटची तपासणी करून घ्या.

तिसरेही एक दुखणे आहे, आणि खरे तर ते सगळ्यांत जास्त आढळते. बैठकीची जागा, ओटीपोट, कंबर तीन महिन्यांपेक्षा जास्त दुखते, लघवीचाही त्रास असतो. पण तपासणीत जंतू सापडत नाही. दुखणे खोटे नसते, पण ते जंतूचे नसते. तिथे जंतुनाशक गोळ्यांचे कोर्सवर कोर्स घेऊन उपयोग होत नाही. गरम पाण्याचा शेक, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, दुखणे कमी करणारी आणि लघवीची वाट सैल करणारी औषधे, मनावरचा ताण कमी करणे, असे उपचार डॉक्टर सुचवतात. ट्रॅक्टरवर किंवा मोटारसायकलवर तासन्‌तास बसल्याने या माणसांचे दुखणे वाढते. त्यांनी नांगरटीच्या मधे उतरून चार पावले चालावे.

यासारखे दिसणारे दुसरे काय?

शेतात पिवळे पान दिसले की कारणे अनेक असतात. नत्र कमी, लोह कमी, पाणी तुंबले, मुळाला रोग. लघवीच्या तक्रारीचेही तसेच आहे.

*उन्हाळी.* एप्रिल-मे महिन्यात दिवसभर उन्हात राबून पाणी कमी प्यायले की लघवी गडद पिवळी होते, जळजळते. सावलीत बसून भरपूर पाणी, ताक, सरबत घेतले की एक दिवसात निवळते. ताप नसतो. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी यांनी गारवा वाटतो, त्याला कोणाची हरकत नाही. पण ताप असेल, किंवा दुसऱ्या दिवशीही जळजळ तशीच असेल, तर ती उन्हाळी नव्हे.

*मुतखडा.* कळ कुशीत उठते, लाटेसारखी येते, जांघेकडे उतरते. माणूस एका जागी बसू शकत नाही, लोळतो. मुतखड्याबरोबर थंडी-ताप असेल तर तेही तातडीचे दुखणे आहे.

*ग्रंथीची वाढ.* पन्नाशीनंतर हळूहळू, महिने-वर्षे चालणारी तक्रार. धार बारीक, रात्री उठणे, शेवटी थेंब गळत राहणे. जळजळ आणि ताप सहसा नाही. आपल्याकडे एक अडचण अशी की रात्रपाळीच्या विजेमुळे माणूस पाणी द्यायला उठतोच. त्यामुळे लघवीसाठी किती वेळा उठलो हे त्याच्याही लक्षात येत नाही. आणि वाढलेल्या ग्रंथीमुळे पिशवीत लघवी साचून राहिली की लागणीला आयते रान मिळते.

*परमा.* लिंगातून पू येतो, जळजळ होते. शरीरसंबंधातून येणारा हा रोग योग्य औषधाने बरा होतो, पण जोडीदारालाही उपचार द्यावे लागतात. भिंतीवर आणि बसस्टँडवर 'गुप्तरोग' म्हणून जाहिराती रंगवणाऱ्यांकडे जाण्याऐवजी सरकारी दवाखान्यात जा.

*हिवताप.* थंडी वाजून ताप आला की आपल्याकडे पहिला संशय हिवतापाचा, आणि पावसाळ्यात तर डेंग्यूचाही. रक्त तपासावे हे बरोबरच. पण रक्तात काही निघाले नाही तर लघवीची गोष्ट डॉक्टरांना सांगितली आहे का, हे स्वतःला विचारा.

*कर्करोग.* प्रोस्टेटच्या कर्करोगात सुरुवातीला बहुधा काहीच जाणवत नाही. लागण झाली म्हणजे कर्करोग झाला असे नाही. मात्र लागण असताना 'पीएसए' नावाची रक्ततपासणी केली तर आकडा वाढलेला येतो आणि घर हवालदिल होते. म्हणून ही तपासणी लागण बरी झाल्यावर, सहा-आठ आठवड्यांनी करणे योग्य ठरते. रिपोर्ट हातात घेऊन स्वतःच निष्कर्ष काढू नका.

तरुण मुलांच्या आईवडिलांसाठी एक वेगळी सूचना. मुलाच्या एका बाजूच्या वृषणात एकाएकी असह्य कळ आली, उलट्या सुरू झाल्या, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. त्यात साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. तिथे सकाळ होण्याचीही वाट बघायची नसते.

अर्धे दुखणे म्हणजे काय?

आता मुद्द्याची गोष्ट. आपला माणूस दवाखान्यात जातच नाही असे नाही. जातो, पण अर्धे सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाकावर शेजारी पावणे बसलेले असतात, खोलीत डॉक्टरीणबाई असतात, बरोबर मुलगा नाहीतर सून असते. मग तो म्हणतो, "थंडी वाजते, ताप आहे." लघवीचे नाव काढत नाही. डॉक्टर तापाचे औषध देतात, रक्त तपासायला सांगतात. त्यांची काय चूक? पिकाचा नमुना न आणता 'पीक वाळतंय, औषध द्या' असे मला कोणी म्हटले तर मीही अंदाजच बांधणार.

तापाच्या गोळीने ताप दोन तास उतरतो. माणसाला वाटते बरे झाले. आत ग्रंथी सुजतच असते. मग एक वेळ अशी येते की लघवी पूर्ण बंद होते. नाहीतर जंतू रक्तात पसरतो. रक्तदाब उतरतो, श्वास जलद होतो, हातपाय गार पडतात, माणूस बरळू लागतो. ही जिवावरची वेळ असते. काही रुग्णांच्या ग्रंथीत पू साठून गळू होते आणि ते शस्त्राने मोकळे करावे लागते. मधुमेही माणसाला हा धोका अधिक. पहिल्या दिवशी चार शब्द बोलायची लाज वाटली, त्याची किंमत अशी मोजावी लागते.

डॉक्टरीणबाईंपुढे बोलायचा संकोच वाटतो हे मला समजते. पण त्यांनी हे शिक्षण घेतलेलेच आहे, आणि दिवसातून दहा जणांचे हेच दुखणे त्या ऐकत असतात. तरी तोंड उघडत नसेल तर केसपेपरवर 'लघवीला जळजळ' एवढे दोन शब्द लिहून द्या, किंवा 'मला एकट्याशी बोलायचे आहे' म्हणा. तो तुमचा हक्क आहे.

दवाखान्यात काय होईल?

काय होणार हे माहीत असले की भीती निम्मी होते. डॉक्टर ताप आणि रक्तदाब बघतील. ओटीपोट दाबून पिशवी भरली आहे का ते तपासतील. लघवीचा नमुना घेतील. तो स्वच्छ धुतलेल्या हातांनी, सुरुवातीची थोडी धार सोडून मधली धार दवाखान्याने दिलेल्या डबीत धरायची असते. घरातली सरबताची किंवा औषधाची रिकामी बाटली चालत नाही. जंतुनाशकाची पहिली गोळी घेण्याआधी नमुना गेला तर कोणता जंतू आहे आणि त्याला कोणते औषध लागू पडेल हे नीट कळते. म्हणूनच मेडिकलमधून आधी गोळ्या खाऊन मग डॉक्टरांकडे जाणे नुकसानीचे.

डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट तपासतील. या एका तपासणीच्या धास्तीने कित्येक पुरुष दवाखान्याची पायरी चढत नाहीत. अहो, गाय गाभण आहे की नाही हे पशुवैद्यक कोपरापर्यंत हात घालून बघतात आणि आपण शेजारी उभे राहून गाईला चुचकारत असतो. इथे तर हातमोजा घातलेले एक बोट आणि मिनिटभराचे काम. सुजलेली ग्रंथी हळुवार तपासायची असते, चोळायची नसते. चोळल्याने जंतू रक्तात जाऊ शकतात. म्हणून कोणा वैदूने 'मालिश करून मोकळे करतो' म्हटले तर त्याला दुरूनच नमस्कार करा.

लघवी पूर्ण अडली असेल तर नळी घालावी लागते, कधी ओटीपोटातून. ती तात्पुरती असते. बरेच रुग्ण गोळ्यांवर बरे होतात. ताप मोठा असेल, उलट्या होत असतील, रक्तदाब उतरला असेल तर भरती होऊन शिरेतून औषध घ्यावे लागते.

औषध अर्धवट सोडू नका

इथे मी माझ्या विषयाकडे येतो. प्रोस्टेटमध्ये औषध सहज पोचत नाही, म्हणून कोर्स लांब असतो. तीव्र लागणीत सहसा दोन ते चार आठवडे, जुनाट लागणीत चार ते सहा आठवडे किंवा त्याहूनही अधिक. पण दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि गडी गोळ्या बंद करून कामाला लागतो. उरलेल्या गोळ्या डबीत जातात. पुढे भावाला ताप आला की त्याला दिल्या जातात.

गुलाबी बोंडअळीने आपल्याला काय शिकवले? एकच विष वर्षानुवर्षे समोर राहिले की अळी त्याला पचवायला शिकते. जी वाचते तिची पिलावळ वाढते, आणि पुढच्या हंगामात तोच उपाय निकामी ठरतो. फवारणीतही एकच कीटकनाशक पुन्हा पुन्हा आणि कमी मात्रेत मारले की हेच होते. जंतूंचे गणित वेगळे नाही. आपल्या देशात लघवीच्या लागणीतल्या ई-कोलाय जंतूंवर पूर्वी हमखास चालणारी कित्येक औषधे आता चालेनाशी झाली आहेत. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असे नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध, दिलेल्या मात्रेत, सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्या. तीन दिवसांत ताप हटला नाही, पुरळ आले, पायाच्या टाचेमागची शीर दुखू लागली, तर गोळी परस्पर बंद करण्यापेक्षा लगेच डॉक्टरांना दाखवा.

कोणी जास्त जपावे?

मधुमेही, मुतखड्याचे जुने रुग्ण, प्रोस्टेट वाढलेले ज्येष्ठ, लघवीला नळी लावलेले किंवा नुकतीच काढलेले, लघवीच्या वाटेची शस्त्रक्रिया किंवा प्रोस्टेटचा तुकडा तपासणीसाठी काढलेले, आणि पूर्वी एकदा ही लागण होऊन गेलेले. या सगळ्यांनी पहिल्या लक्षणालाच हालचाल करावी. ज्यांना आपली साखर किती हेच माहीत नाही, असे चाळिशीपुढचे लोक गावात खूप आहेत. त्यांनी ती एकदा तपासून घ्यावी.

बाकीच्यांनी साधे नेम पाळावेत. रानात जाताना पाण्याचा कॅन भरून न्यावा आणि प्यावे. लघवी फिकट राहील इतके. लघवी कोंडून धरू नये. ऊसतोडीच्या टोळीत खाडा पडेल म्हणून, मोटार बंद पडेल म्हणून, बाजारात माल सोडून जाता येत नाही म्हणून तासन्‌तास दाबून धरायची सवय वाईट. शरीरसंबंधात जोखीम असेल तर निरोध वापरावा. मात्र एक लक्षात ठेवा: लघवी तुंबलेलीच असेल तर तांब्यावर तांब्या पाणी पिऊन ती सुटत नाही, पिशवी आणखी ताणते. तेव्हा दवाखाना हाच उपाय.

त्याच दिवशी काय करायचे?

ताप अधिक लघवीचा त्रास असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा तुमचे नेहमीचे पदवीधर डॉक्टर.

लघवी सहा-आठ तास झालेलीच नाही आणि ओटीपोट टम्म फुगले आहे, किंवा हुडहुडीबरोबर बरळणे, धाप, चक्कर, गार हातपाय आहेत, तर रात्र असली तरी १०८ ला फोन. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आणि तिला पैसे पडत नाहीत. कुडकुडणाऱ्या माणसाने स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये.

पैशांची अडचण मनात आणू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क केलेले आहेत. बोगस डॉक्टरच्या सुईला आणि सलाइनला जेवढे पैसे जातात तेवढेही इथे लागत नाहीत.

गावकारभाऱ्यांनी एवढे करावे

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन, तुमच्याकडे चार मागण्या आहेत. त्यांतल्या एकीलाही निविदा काढावी लागत नाही.

पहिली, ग्रामसभेत आरोग्याच्या विषयाला पाच मिनिटे द्या आणि त्या पाच मिनिटांत पुरुषांच्या या दुखण्याचे नाव उघड घ्या. सरपंचाने चारचौघांत 'लघवीचा त्रास लपवू नका' म्हटले की गावातल्या निम्म्या माणसांची जीभ सुटते.

दुसरी, उपकेंद्रातले पुरुष आरोग्य सेवक आणि समुदाय आरोग्य अधिकारी कोणत्या दिवशी भेटतात ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. आशाताईंशी बोलायला गडी लाजतो. आरोग्य सेवकाशी बांधावर बोलेल.

तिसरी, गावाच्या आरोग्य व स्वच्छता समितीच्या बैठकीत केंद्रातल्या डॉक्टरांना एक विनंती करा: पुरुष रुग्णाला तपासताना पडदा असावा, बाकीचे बाहेर असावेत, आणि तापाच्या प्रत्येक पुरुष रुग्णाला 'लघवीला कसे होते?' हा प्रश्न त्यांनी आपणहून विचारावा. माणूस स्वतः सांगत नाही, विचारले तर मात्र सांगतो.

चौथी, कृषी मेळावे, शेतीशाळा, पीक पाहणीचे कार्यक्रम होतात तिथे शे-दोनशे पुरुष एका जागी जमतात. आरोग्य खात्याला एवढे पुरुष एकत्र मिळत नाहीत. त्यांच्या शिबिरांना बायका-मुलेच जास्त येतात. आमच्या कार्यक्रमात आरोग्य सेवकाला पंधरा मिनिटे आणि साखर-रक्तदाब तपासायला एक टेबल दिले तर बियाण्याच्या भाषणाचे काही बिघडत नाही. आमच्या खात्यातल्या सहकाऱ्यांनाही हेच सांगणे आहे.

आणि घरातल्या माउलींनो, तुमच्या नजरेतून हे सुटत नाही. धनी रात्री किती वेळा उठला, किती वेळ मोरीत थांबला, खाली बसताना कसा कण्हला, हे तुम्हाला आधी कळते. त्याने 'काही नाही' म्हटले तर ऐकू नका. बैल तुंबला असता तर जशी ओरड केली असती तशीच करा.

बंधूंनो, रोगट पानाचा नमुना पिशवीत घालून तुम्ही दहा-पंधरा किलोमीटर आमच्या कार्यालयात येता. देठ, खोड, मूळ सगळे दाखवता, काही लपवत नाही. म्हणून आम्हाला रोग ओळखता येतो. डॉक्टरांपुढेही तसेच बसा. ताप किती, कधीपासून, ते नंतर सांगा. 'लघवीला त्रास आहे' हे पहिले वाक्य असू द्या.